चाळिसावं नाव

रोहा, ३ मार्च २०२५

ती. दत्तामामांस,
नमिताचा साष्टांग नमस्कार.

सरूमामीशी फोनवर बोलले. गळ्याची जखम इतक्या महिन्यांनी एकदाची भरली आणि पेज सोडून मऊ भात खायला लागलात, हे ऐकून बरं वाटलं. आवाज काही परत येणार नाही हे तुम्ही स्वतःच पाटीवर लिहून दाखवलंत आणि खाली ‘ज्याला बोलायचंय त्यानं पत्र लिहावं’ असंही लिहिलंत म्हणे. म्हणून हे पत्र. मोबाइलवर बोटानं लांबलचक लिहायचा तुम्हाला कंटाळा, हे ठाऊक आहे.

मामा, काम काढलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या कातळवाडीच्या पूर समितीला तुम्ही एक्सेलमध्ये एक फॉर्म करून दिला होतात. बटण दाबलं की खिडकी उघडते, तिच्यात ज्यांना स्वतःच्या पायानं झटकन बाहेर पडता येत नाही अशा माणसांची यादी येते. नावावर टिचकी मारली की फोन नंबर मोठ्या अक्षरांत दिसतो. फोन करून ‘कळवले’ दाबलं की ते नाव यादीतून जातं. यादी रिकामी झाली की हिरव्या पट्टीवर येतं, ‘सर्वांना कळवले’. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, तुम्हीच एका रविवारी दुपारभर बसून ते शिकवलंत. सातवी शिकलेली बाई, माऊसला आधी हात लावायला घाबरायची. पण तीन पावसाळे इंदुबाई म्हणजे पूर समितीचा फोन असंच होतं.

गेल्या जुलैत त्यांच्याकडून एक नाव राहिलं. तेव्हा तुम्ही मुंबईला ऑपरेशनसाठी होतात म्हणून कळवलं नाही. तेव्हापासून समितीचा कॉम्प्युटर कपाटात बंद आहे. आता समितीनं मला सांगितलंय की जूनच्या आत नवा फॉर्म करून दे. मी लॅबमध्ये रिपोर्ट बनवते म्हणजे मला सगळं येतं असा त्यांचा समज. मला मॅक्रो थोडेफार येतात, यादीची ही भानगड येत नाही. तुम्ही शिकवाल का? आणि त्यात असं काही करता येईल का, की आईंसारखी चूक परत कुणी करूच शकणार नाही?

तुमची,
नमिता


पेण, ९ मार्च २०२५

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तुझ्या मामीनं एकदा. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी कामाचं काही विचारत नाही, तेव्हा उपकार तुझेच.

आधी दोन गोष्टींतला फरक समजून घे. लिस्टबॉक्स ही उघडी यादी. सगळी नावं समोर, हवं ते निवडा. कॉम्बोबॉक्स ही झाकलेली यादी. बाणावर टिचकी मारली की उघडते, एक निवडलं की पुन्हा मिटते. आळी निवडायला कॉम्बोबॉक्स ठेव आणि त्या आळीतली माणसं दाखवायला लिस्टबॉक्स.

यादी मोजताना पहिलं नाव शून्य असतं, एक नव्हे. काहीच निवडलेलं नसेल तर उत्तर उणे एक येतं. ‘कळवले’ दाबल्यावर आधी उणे एक आहे का ते तपास, नाहीतर फॉर्म अडकतो. एकदम चार नावं काढायची असतील तर खालून वर काढत ये. वरून काढायला लागलीस तर काढलेल्या जागी खालचं नाव सरकतं आणि त्यावरून उडी पडते. कोडच्या खिडकीत मराठी लिहू नकोस, नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. मराठी मजकूर शीटवर ठेव आणि तिथून उचल.

कॉम्बोबॉक्सला सक्ती लाव. यादीत नसलेलं काही टाइपच करता येता कामा नये. लोक एकाच आळीचं नाव पाच तऱ्हेनं लिहितात आणि मग सगळा गोंधळ होतो. नोकरीत तीस वर्षं मी हेच पाळलं.

आता माझा प्रश्न. कुणाचं नाव राहिलं? इंदुबाईंकडून चूक झाली हे मला पटत नाही. त्या दुपारी त्यांनी प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं होतं आणि माझ्याकडून एका आजोबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेतला होता. जुनी फाइल मेलनं पाठव. आणि झालं ते नीट लिही.

तुझा,
दत्तामामा


रोहा, १६ मार्च २०२५

ती. दत्तामामांस सा. न.

फाइल आज पाठवली, आणि आळी निवडायचा कॉम्बोबॉक्स मी जसा जमला तसा केलाय, तोही सोबत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिते.

आमच्या खालच्या आळीच्या अगदी टोकाला, ओहोळाजवळ, पुतळीमावशीचं घर आहे. मूळची वाडीचीच, पण लग्न होऊन तुमच्या पेणच्या खाडीकडं गेलेली. नवरा मिठागरावर होता. तो गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती माहेरच्या तुकड्यावर घर बांधून राहायला आली. कंबर मोडल्यापासून काठी धरून चालते. आल्या आल्या तिनं बांधाला कुंपण घातलं आणि आमच्या वालाच्या शेतात जायची वाट बंद केली. त्यावरून तिचं आणि आईंचं वाजलं ते वाजलंच. बोलणं बंद.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता भोंगा झाला. आई समितीच्या खोलीत गेल्या, कॉम्प्युटर लावला, तासाभरात सगळे फोन केले. मी तिथंच पाण्याच्या बाटल्या भरत होते. हिरवी पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. अकरापर्यंत सगळी माणसं शाळेत आली. दुपारी जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा कुणीतरी विचारलं, पुतळी कुठंय?

पाणी तिच्या घरात मागून, ओहोळाकडून शिरलं होतं. शिडीवरून ती पोटमाळ्यावर चढली ती तिथंच बसून. मोबाइल खाली राहिला. वाडीतला प्रवीण आणि आणखी दोघं दोर बांधून पोहत गेले. बाहेर काढलं तेव्हा साडेचार वाजले होते. पुढं न्यूमोनिया झाला, तीन आठवडे दवाखान्यात होती. आता खांब गावी लेकीकडं, भूमिकाकडं असते. घराला कुलूप.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अनिताताईंनी फाइल उघडली. पुतळीमावशीचं नाव त्यांनीच मे महिन्यात शीटमध्ये घातलं होतं. ते होतंच तिथं, नंबरासकट. मग लोकांना दुसरं काय वाटणार? नाव आहे, फोन नाही, आणि वाटेचं भांडण सगळ्या वाडीला माहीत. तोंडावर कुणी बोललं नाही. पण आईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मला आठवत नाय.” तेवढ्यावर सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

खरं सांगू का मामा, मला वाटतं घाईत त्यांची नजर चुकली. निकेश म्हणतो, माझी आई असं मुद्दाम करणार नाही. पण तोही हा विषय काढत नाही.

तुमची,
नमिता


पेण, २४ एप्रिल २०२५

चि. नमितास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मध्ये तब्येत जरा बरी नव्हती आणि डॉक्टरांकडं खेपा चालू होत्या.

दुरुस्त केलेली फाइल मेलनं पाठवली आहे. काही जुन्या ओळी बदलल्या आहेत. तू केलेला आळी निवडायचा कॉम्बोबॉक्स चांगला झालाय, तो तसाच ठेवला. हीच फाइल वापरावी. जुनी फाइल पुसून टाकलीस तरी चालेल.

इंदुबाईंना माझा नमस्कार सांग.

दत्तामामा


रोहा, १ मे २०२५

ती. दत्तामामांस सा. न.

तुमचं पत्र इतकं छोटं की मामीला फोन केला. ती म्हणाली, “काही झालं नाही गो, खेपा नाहीत की काय नाहीत. नुसते कॉम्प्युटरसमोर बसतात नि जेवायला बोलावलं तर हातानं नको म्हणतात.” मामा, मला खरं सांगा, दुखतंय का काही?

फाइल चालवून पाहिली. एक गोष्ट समजली नाही. जुन्या फॉर्ममध्ये सगळ्या आळ्या मिळून एकोणचाळीस नावं यायची. तुमच्या नव्यात पंचेचाळीस येतात. अनिताताईंनी गेल्या नोव्हेंबरात घरोघर फिरून पाच नावं वाढवली होती, ती माझ्याकडच्या प्रतीत शीटवर आहेत. ती तुम्ही फॉर्ममध्ये हातानं घातलीत का? तसं असेल तर पुढं कुणी नवीन आलं की दर वेळी तुम्हाला त्रास द्यावा लागणार का? आणि एकोणचाळीस नि पाच म्हणजे चव्वेचाळीस, तर हे एक जास्तीचं कुठून आलं? मी दोनदा मोजलं.

जुनी फाइल पुसली नाही. लॅबमध्ये आम्हाला जुना रिपोर्ट फेकायची सवय नाही.

आईंना तुमचा नमस्कार सांगितला. मान हलवली. त्या हल्ली कुठं जात नाहीत. बचत गटाच्या बैठकीला नाही, सप्त्याला नाही. परवा शेजारच्या हळदीला मी आग्रहानं नेलं. जेवणाची पानं किती मांडायची ते चाललं होतं, तर एक आजी हसत म्हणाली, “मोजायला इंदूला नको हां सांगू, कोणीतरी उपाशी राहील.” बायका हसल्या. आई पण हसल्या. घरी येऊन त्यांनी नवी साडी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली आणि मला म्हणाल्या, “आता मला हाक नको मारू कुठं जायला.”

तुमची,
नमिता


पेण, ६ मे २०२५

चि. नमिता,

तू दोनदा मोजलंस. मी चार वर्षांत एकदाही मोजलं नाही. खोटं लिहिलेलं माझं मागचं पत्र फाडून टाक. तब्येत ठीक आहे.

ते जास्तीचं एक नाव पुतळीबाईंचं आहे.

नीट लिहितो, म्हणजे समितीत वाचून दाखवता येईल. फॉर्म उघडला की तो शीटवरची नावं एकेक करून उचलतो आणि लिस्टबॉक्समध्ये टाकतो. कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत उचलायचं, हे कोडमध्ये सांगावं लागतं. चार वर्षांपूर्वी यादीतली माणसं एकोणचाळीस होती. पहिली ओळ मथळ्याची. म्हणून मी लिहिलं, दोन ते चाळीस. यादी जिथं संपेल तिथपर्यंत जा, असंही लिहिता येतं. त्याला एक ओळ लागते. ती मला येत होती. इतरांना मी ती शिकवलेली आहे. पण त्या दिवशी मला पेणला परतायचं होतं, गडब गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं, शेवटची एसटी चुकेल अशी भीती होती. म्हटलं, दोन ते चाळीस लिहू, पुढच्या खेपेला सुधारू. पुढची खेप झालीच नाही.

अनितानं मे महिन्यात पुतळीबाईंचं नाव एक्केचाळिसाव्या ओळीत घातलं. तिनं बरोबर केलं. फॉर्मला ते नाव कधी दिसलंच नाही. म्हणजे इंदुबाईंनाही ते दिसलं नाही. त्यांनी समोर होती तेवढी सगळी माणसं कळवली, आणि माझ्या फॉर्मनं त्यांना हिरव्या पट्टीवर सांगितलं की सर्वांना कळवले. ते खोटं होतं आणि ते मी लिहिलेलं होतं.

फाइल तू पाठवलीस सोळा मार्चला. सतराला सकाळी चहा निवायच्या आत मला ती ओळ सापडली. त्यानंतर पाच आठवडे मी काय केलं? रोज तुला पत्र लिहायला बसायचो. मनात यायचं, एवढं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय, आता माणसाकडं उरतं काय, तर तीस वर्षं काम चोख केल्याचं नाव. तेही आता आपल्याच हातानं पुसायचं? मग मी फाइल दुरुस्त केली आणि जुनी पुसून टाक म्हणून तुला लिहिलं. तू ती पुसली असतीस तर इंदुबाईंवरचा ठपका कायमचा राहिला असता. हे मला लिहिताना कळत होतं.

तुझ्या पत्रातलं ते हळदीचं वाचलं. तुझ्या मामीला पत्र दिलं आणि पाटीवर लिहून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आज लिहा. जेवण मग.”

पुतळीबाईंवर ओढवलं ते माझ्यामुळं. इंदुबाईंवर आलं तेही माझ्यामुळं. हे पत्र समितीपुढं ठेव. त्यांना हवं असेल तर मी येतो. बोलता येणार नाही, पण उभा राहीन.

दत्तात्रेय


रोहा, १४ मे २०२५

ती. दत्तामामांस सा. न.

पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्यावर इतकी चिडले की दोन दिवस लिहू शकले नाही. ओळ चुकली त्याचा राग नाही, ती कुणाचीही चुकते. पण सात आठवडे तुम्हाला ठाऊक होतं. ती हळद त्याच सात आठवड्यांतली. हे मनात ठेवून गोड लिहायला मला जमणार नाही, म्हणून लिहून टाकलं. आता पुढचं.

निकेश शिफ्टवरून आल्यावर मी पत्र दोघांना वाचून दाखवलं. निकेश आईच्या पायाशी जाऊन बसला. मला वाटलं, आई रडतील, निदान सुस्कारा टाकतील. त्यांनी विचारलं, “म्हणजे तिचं नाव येणारच नव्हतं?” मी म्हटलं, “नाही आई, येणारच नव्हतं.” त्या उठल्या आणि परसात जाऊन वालाच्या शेंगा सोलत बसल्या.

रविवारी समितीत पत्र वाचलं. मी कॉम्प्युटर कपाटातून काढून जुनी फाइल सगळ्यांसमोर चालवली. यादी वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवली, मग शीट उघडलं, मग तुमची ‘दोन ते चाळीस’ची ओळ. अनिताताईंना समजायला वेळ लागला नाही. त्या तडक आमच्या घरी आल्या, आईंचे हात धरले. “इंदूताई, आम्ही नाय ते मनात आणलं. माफ कर.” हळदीतली ती आजीसुद्धा आली आणि ओटीवर बसून चहा पिऊन गेली. तुमचं पत्र समितीच्या फायलीत लावलंय. तुम्ही यायची गरज नाही असं सगळे म्हणाले.

पण आईंचं काही ठीक नाही. आधी गप्प होत्या, तरी जेवायच्या. आता ताटावरून उठतात. सगळं वाडीसमोर निघालं, आता काय राहिलं, हे मला कळत नाही. तुम्हाला कळतंय का?

फॉर्ममध्ये मी दोन बदल केलेत. हिरवी पट्टी काढून टाकली. तिच्या जागी दोन आकडे येतात, शीटवर नावं किती आणि फोन केले किती. दुसरं, तुम्ही सांगितलेली सक्ती काढली. कॉम्बोबॉक्समध्ये नसलेलं आळीचं नाव आता टाइप करता येतं. लोक पाच तऱ्हेनं लिहितील, लिहू देत. मी बसून सारखं करीन.

तुमची,
नमिता


कातळवाडी, रोहा
२ जून २०२५

दत्तात्रेयभाऊंस इंदुबाईचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. नमिताला वाचायला दिलं हाय, पण तिनं काही सुधारलं नाय. चुका असतील त्या माझ्या.

तुमचं पत्र नमितानं वाचलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला जास्तीच वाईट वाटलं. का ते सांगते.

त्या दिवशी मी एकेक नाव घेत होते. वरच्या आळीचे झाले, मधल्या आळीचे झाले. खालच्या आळीला आले तेव्हा माझ्या मनात आलं, आता पुतळीचं नाव येईल. हिला फोन करायला लागणार. काय बोलू? वर्षभर तोंड बघितलं नाय. मी मनात वाक्य पण जुळवलं, “समितीकडून बोलते, पाणी येतंय, निघा.” इंदू बोलते असं सांगायचंच नाय.

मग शेवटचं नाव गेलं आणि हिरवी पट्टी आली. पुतळीचं नाव आलंच नाय. भाऊ, ते मला तेव्हाच दिसलं. मी विसरले नव्हते आणि माझी नजर पण चुकली नव्हती. मला कळलं होतं का यादीत ती नाय. आणि मला सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, अनितानं तिचं बघितलं असेल. अनिता दहा पावलांवर होती, पोरांना बिस्किटं वाटत होती. एक हाक मारून विचारायला काय लागत होतं? मी कॉम्प्युटर बंद केला आणि शाळेत गेले भात लावायला.

सगळे म्हणाले मी तिला मुद्दाम गाळलं. तसं मी केलं नव्हतं, म्हणून कबूल करता येत नव्हतं. आणि काहीच केलं नाय असं पण म्हणता येत नव्हतं. म्हणून आठवत नाय म्हटलं. नंतर मला वाटायला लागलं का नाव आलंच असेल, मीच पुढं सरकवलं असेल. दहा महिने मला माझंच खरं काय ते कळेना. तुमच्या पत्रानं ते कळलं. नाव नव्हतं, आणि नाय हे मला दिसलं होतं.

गेल्या रविवारी समितीत उभी राहून मी हे सांगितलं. नमिता पांढरी पडली. दोन बायका उठून गेल्या. अनिता म्हणाली, “इंदूताई, झालं गेलं, आता कशाला काढतेस?” मी म्हटलं, “ती माळ्यावर बसली होती तेव्हा तिला फोन गेला नाय हे मला ठाऊक होतं.” फोनचं काम आता अनिता करणार. मला त्यांनी काय काम दिलं नाय. मी मागून घेतलं. भोंगा झाला का मी खालच्या आळीला टोकापर्यंत चालत जाणार, घराघरात डोकावून. पाय धड आहेत अजून.

मंगळवारी खांबला गेले. निकेश सोडतो म्हणाला, मी एसटीनं गेले. भूमिकानं दार उघडलं, तिला वाटलं मी भांडायला आले. पुतळी खाटेवर बसून चिंचा फोडत होती. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच. फॉर्मची गोष्ट पण सांगितली, नाव कसं यायचं नाय ती.

तिनं चिंच फोडायची थांबवली नाय. मग म्हणाली, “माल्यावर बसलू तवा मना वाटला, इंदूलाच ठावं असंल मी कुठं हाय. दुसऱ्या कोनाला नाय.”

मी टोपलीतली एक चिंच उचलली.

मग ती म्हणाली, “तुज्या खुर्चीवर मी असती, तं मी पन नसता घेतला तुजा नाव.”

भूमिका म्हणाली, “आये, असं काय बोलतेस?” ती म्हणाली, “खरा तो बोलतंय. तिनी सांगतला ना खरा?” आणि माझ्याकडं बघून, “पन तू नि मी दोगी म्हाताऱ्या झालू गो. असा कराचा नाय व्हता.”

माफ केलं असं ती म्हणाली नाय, आणि मी विचारलं नाय. या पावसात वाडीला येणार का म्हटलं, तर नाय म्हणाली, भीती वाटते. पुढच्या वर्षी बघू. मी तिच्या बाजूला बसून अर्धी टोपली चिंचा फोडल्या. चारच्या एसटीनं घरी आले. त्या दिवशी पोटभर जेवले.

भाऊ, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाय. तुम्ही ती ओळ लिहिली नसती तर तिचं नाव आलं असतं, आणि कुढत का होईना मी फोन केला असता, हे पण खरं. ते तुमच्याकडं राहू दे. पण तुम्ही त्या पत्रात लिहिलंय का पुतळीवर आणि इंदुबाईवर आलं ते सगळं तुमच्यामुळं. तसं नाय. ते पत्र फायलीत असंच राहिलं तर आमच्या नातवंडांपर्यंत ते खोटं जाईल.

म्हणून मी काल अनिताकडून फाइल मागून घेतली. तुमची सही जिथं हाय तिच्या खाली कोरी जागा होती. तिथं मी लिहिलं, ‘यादी संपली तेव्हा पुतळीचं नाव आलं नाय हे मला दिसलं होतं. मी कोणाला विचारलं नाय.’ खाली माझी सही केली आणि तारीख घातली. तुम्हाला न विचारता तुमच्या पत्रावर लिहिलं, एवढं चालवून घ्या.

आपली विहीण,
इंदुबाई